अब्बांचा डबा आणि डिकीतली पेटी

आमचे अब्बा ट्रक चालवायचे. कोल्हापूरहून गूळ भरून मुंबईला जायचं आणि येताना मिळेल तो माल घेऊन यायचं, असं त्यांचं सारं आयुष्य गेलं. मी सांगतोय ती गोष्ट १९७०च्या दशकाच्या शेवटची, मी शाळकरी असतानाची. अब्बांच्या सीटमागे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असायचा. त्याला हात लावायची आम्हा मुलांना बंदी होती, त्यामुळे साहजिकच आमचा सगळा जीव त्या डब्यात. एकदा ट्रक दारात उभा असताना मी तो उघडलाच. खाऊ नव्हता. कापूस होता, टिंक्चर आयोडिनची बाटली होती, बर्नॉलची चेपलेली ट्यूब, एक कात्री, टॉर्च, दोरी, लाल फडकं आणि अम्मीच्या जुन्या सुती साडीच्या स्वच्छ धुऊन घडी घातलेल्या पट्ट्या. झाकणावर लाल रंगाचा क्रॉस. ज्या पेंटरने ट्रकच्या मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिलं होतं, त्यानेच उरलेल्या रंगात तो काढून दिला होता.

आज एखाद्या डॉक्टरांना तो डबा दाखवला तर ते आयोडिनची बाटली आणि ती ट्यूब बाजूला काढतील. उघड्या जखमेत आयोडिन ओतू नये, भाजल्यावर आधी भरपूर साधं पाणी घालावं, असं आता सांगतात. साडीच्या पट्ट्या मात्र ते ठेवतील. पण मला सांगायचं आहे ते औषधांबद्दल नाही. दहावी न झालेल्या एका ट्रक ड्रायव्हरच्या सीटमागे ही कल्पना कुठून आली, हा प्रश्न मला फार उशिरा पडला. आणि तो शोधत गेलो तेव्हा पहिला मुक्काम लागला तो इटलीतल्या एका रणांगणावर.

२४ जून १८५९. सोल्फेरिनो. एका बाजूला फ्रान्स आणि सार्डिनिया, दुसऱ्या बाजूला ऑस्ट्रिया. एका दिवसात मेलेले आणि जखमी मिळून सुमारे ४० हजार माणसं पडली. जिनिव्हाचा एक व्यापारी, आंरी द्युनां, आपल्या धंद्याच्या कामासाठी फ्रान्सच्या सम्राटाला गाठायला तिकडे आला होता. त्याने काय पाहिलं? जखमी हजारो आणि डॉक्टर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. शेजारच्या कास्तिल्योने गावातल्या बायका चर्चमध्ये जखमींना पाणी पाजत होत्या, जखमा बांधत होत्या, आणि हा आपला, तो शत्रूचा असा भेद करत नव्हत्या. द्युनांही त्यांच्यात मिसळला. १८६२ मध्ये त्याने या अनुभवावर पुस्तक लिहिलं, १८६३ मध्ये त्यातून पुढे रेड क्रॉस झालेली समिती उभी राहिली आणि १८६४ मध्ये पहिला जिनिव्हा करार झाला. मला त्याच्या पुस्तकातला एक विचार फार महत्त्वाचा वाटतो. त्याचं म्हणणं असं की मदत करणारी माणसं शांततेच्या काळातच तयार करून ठेवली पाहिजेत, लढाई सुरू झाल्यावर नव्हे. पेटी भरून ठेवायची ती जखम होण्याआधी, असंच हे आहे.

त्या क्रॉसबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. १८७६ मध्ये तुर्कस्तानच्या उस्मानी सरकारने आपल्या सैन्याच्या रुग्णसेवेसाठी क्रॉसऐवजी लाल चंद्रकोर वापरायचं ठरवलं आणि पुढे तीही जगाने मान्य केली. माझे अब्बा पाच वेळचे नमाजी, पण डब्यावर क्रॉस का, असा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. पडायला हवा होता तो वेगळ्या कारणासाठी! आपल्याकडच्या १९६० च्या जिनिव्हा करार कायद्यानुसार सरकारच्या परवानगीशिवाय लाल क्रॉस कुणालाही वापरता येत नाही. डॉक्टरांना नाही, औषधाच्या दुकानाला नाही, तर ट्रक ड्रायव्हरला कुठून? प्रथमोपचाराची आंतरराष्ट्रीय खूण हिरव्यावर पांढरा क्रॉस अशी आहे. म्हणजे आमचे अब्बा वर्षानुवर्षं एक कायदा मोडत कोल्हापूर ते मुंबई जात होते.

रणांगणावरची ही विद्या सामान्य माणसाच्या हातात आली ती १८७०-८० च्या सुमारास. इंग्लंडमध्ये १८७७ मध्ये सेंट जॉन ॲम्ब्युलन्स असोसिएशन निघाली. तिच्या वर्गांसाठी पाठ लिहिणारे लष्करी सर्जन पीटर शेफर्ड १८७९ च्या जानेवारीत झुलू युद्धात मारले गेले आणि त्यांचं पुस्तक त्यांच्या मागे निघालं. जर्मनीतल्या कील शहरात फ्रीडरिश एस्मार्च नावाचे नामवंत सर्जन होते. त्यांनी सैनिकांसाठी एक तिकोनी कापड प्रचारात आणलं. गंमत अशी की ते कसं बांधायचं याची चित्रं त्या कापडावरच छापलेली असत. हात मोडला तर असं, डोकं फुटलं तर तसं. लिहिता-वाचता न येणाऱ्या शिपायालाही ते उमगावं. एवढी साधी आणि एवढी हुशारीची गोष्ट मला तरी दुसरी माहीत नाही. आजच्या पेट्यांतल्या बारीक इंग्रजी अक्षरातल्या चिठ्ठ्या पाहिल्या की मला एस्मार्चसाहेबांची आठवण येते.

याच एस्मार्चनी १८८२ मध्ये सामान्य नागरिकांना प्रथमोपचार शिकवायला सुरुवात केली आणि त्या शिक्षणाला नाव दिलं समॅरिटनांचं. ही बायबलमधली गोष्ट अनेकांना ठाऊक असेल. जेरुसलेमहून जेरिकोला जाणाऱ्या वाटेवर एका माणसाला लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेलं. एक पुजारी येतो, पाहतो, कडेने निघून जातो. दुसरा एक धर्मसेवक येतो, तोही तसाच जातो. मग येतो एक समॅरिटन, म्हणजे त्या समाजाने हलका मानलेल्या जमातीतला माणूस. तो थांबतो, जखमांवर तेल आणि द्राक्षारस घालतो, बांधतो, आपल्या जनावरावर घालून त्याला धर्मशाळेत नेतो आणि खर्चाचे पैसेही देतो. जरा विचार करा. तेल, द्राक्षारस, बांधायला कापड, हे सगळं त्याच्या जनावराच्या पाठीवरच होतं. वाहनातली पहिली प्रथमोपचार पेटी म्हणायची ती हीच! आणि आणखी एक. त्या धर्मशाळेच्या मालकाने त्याला साक्षीदार म्हणून बसवून ठेवलं नाही.

मोटारगाडी आली ती यानंतर. १८९६ च्या ऑगस्टमध्ये लंडनला क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल ही बाई मोटारीखाली सापडून गेली. ब्रिटनमध्ये मोटारीने घेतलेला पादचाऱ्याचा हा पहिला बळी. त्या काळच्या गाड्यांबरोबर पाने आणि हातोड्या असत. गाडी दुरुस्त करायची सोय होती, माणसाची नव्हती. तयार पेटी आधी आली ती रेल्वेत. अमेरिकेत १८८८ मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनने रेल्वेच्या कामगारांसाठी ती काढली. रूळ टाकणारी माणसं दवाखान्यापासून कोसच्या कोस दूर असत. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याने दर १५० कामगारांमागे एक पेटी सक्तीची केली आणि तीत ठरलेल्या वस्तूंखेरीज दुसरं काही ठेवू नये, असंही बजावलं. कायदा करणाऱ्याला माणसांची चांगली ओळख असावी. पेटी म्हटली की तीत चहाची पावडर आणि तंबाखूची पुडी आलीच.

रस्त्यावर मात्र आपण आपल्या पद्धतीने सोय केली. ट्रक बंद पडला की मागे ओळीने दगड मांडायचे आणि निरगुडीची नाहीतर बाभळीची एक फांदी रोवायची. हा आपला देशी धोक्याचा त्रिकोण. दिवसा तो चालतो. रात्री दगड दिसत नाहीत. आणि ट्रक दुरुस्त होऊन निघून जातो तेव्हा दगड तिथेच राहतात, मागून येणाऱ्या एखाद्या मोटारसायकलवाल्याची वाट पाहत. अब्बांचा नियम होता, शेवटचा दगड उचलल्याशिवाय ट्रक हलायचा नाही. “उस्ताद, राहू द्या की,” म्हणून क्लीनर कुरकुरायचा. अब्बा स्वतः उतरायचे.

आता माझी गोष्ट. सांगताना आजही जड जातं. २००३ साल. रत्नागिरीचं कविसंमेलन आटोपून आम्ही चौघे कवी एका मित्राच्या नव्या गाडीतून कोल्हापूरला परतत होतो. रात्रीचा एक वाजून गेलेला. आंबा घाटात एका वळणावर मोटारसायकल आडवी पडलेली आणि शेजारी विशी-बाविशीचा एक मुलगा. मांडीतून रक्त वाहत होतं. आम्ही थांबलो. गाडीत पेटी होती, पण ती डिकीत आणि तिच्यावर आमच्या बॅगा, पुस्तकांचे गठ्ठे, शाली आणि श्रीफळं. सगळं उपसून ती काढली तर तिला चिकटपट्टीचे वेढे. उघडली तर बोटाएवढ्या पट्ट्या, एक लहानशी बाटली, एक अरुंद बँडेज. काय करायचं हे चौघांपैकी एकालाही माहीत नव्हतं. तेवढ्यात एक जण हळूच म्हणाला, “पोलीस केस होईल. नाव, पत्ता, मग कोर्टाच्या तारखा.” बाकीचे आम्ही गप्प. ‘असं म्हणू नको,’ असं कुणीच म्हटलं नाही. मीही नाही.

मग एक ट्रक आला. ड्रायव्हर उतरला, खांद्यावरच्या टॉवेलची घडी करून त्याने ती जखमेवर दाबून धरली, क्लीनरला म्हणाला, “धर घट्ट, सोडू नको.” दोघांनी मुलाला केबिनमध्ये घेतलं. जाता जाता आम्हाला म्हणाला, “गाडी बाजूला घ्या, मागून कुणीतरी ठोकेल.” आमचा धोक्याचा त्रिकोण अजून पिशवीतच होता. त्या मुलाचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. मी त्या रात्रीवर एक कविता लिहिली, दोन-तीन ठिकाणी वाचली, टाळ्याही मिळाल्या. संग्रहात मात्र ती घ्यायचं धाडस झालं नाही. अब्बांना मी सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “डब्बा कां रखा था?” मी म्हटलं, डिकीत. ते पुढे काही बोलले नाहीत.

आमची भीती अगदीच खोटी होती असं नाही. एका स्कूटरस्वाराला गाडीने उडवलं. जवळच्या रुग्णालयाने ही पोलीस केस आहे म्हणून त्याला वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात पाठवलं आणि तो वाटेतच गेला. ही बातमी वाचून परमानंद कटारा यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. १९८९ मध्ये न्यायालयाने सांगितलं, आधी जीव वाचवा, कायद्याचे सोपस्कार नंतर. डॉक्टरांच्या बाबतीत हे १९८९ लाच ठरलं होतं. पण रस्त्यावर थांबणाऱ्या माणसाचं काय? २००७ मध्ये दिल्लीत एक शाळकरी मुलगा रस्त्यावर जखमी होऊन पडला, कुणी थांबलं नाही, तो गेला. त्याचे नातलग पीयूष तिवारी यांनी २००८ मध्ये सेव्हलाइफ फाउंडेशन सुरू केलं आणि २०१२ मध्ये ही संस्था न्यायालयात गेली. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांना कायद्याचं बळ दिलं. मदत करणाऱ्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही, रुग्णालयात अडकवून ठेवायचं नाही, पैसे मागायचे नाहीत. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीत कलम १३४-अ आलं आणि मदत करणाऱ्याला संरक्षण मिळालं. कायद्याने त्याला दिलेलं नाव तेच, गुड समॅरिटन. जखमीला पहिल्या तासात रुग्णालयात पोहोचवणाऱ्याला २०२१ पासून पाच हजारांचं बक्षीस सुरू झालं, २०२५ मध्ये ते पंचवीस हजार झालं. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, हा आकडा वाचला की बक्षिसाचं नवल वाटत नाही.

जर्मनीत वाहन परवाना मिळण्याआधी प्रथमोपचार शिकावाच लागतो. आपल्याकडे नव्या गाडीबरोबर पेटी आणि लाल परावर्तक त्रिकोण मिळतो, पण ती पेटी उघडून पाहायला कुणी सांगत नाही. नवी गाडी आली की आपण नारळ फोडतो, हार घालतो, पेढे वाटतो. कुणी दुआ मागतं, कुणी आरशाला तावीज बांधतं. पेटी बिचारी डिकीत जाते.

गेल्या महिन्यात मुलाने गाडी घेतली. मी सगळ्यात आधी पेटी मागितली. चिकटपट्टी सोडवली. आत दोन मोठ्या गॉझ पट्ट्या, रुंद बँडेज, तिकोनी कापड, हातमोजे, कपडे कापता येतील अशी मोठी कात्री आणि टॉर्च टाकला. औषधांच्या मुदतीच्या तारखा एका कागदावर लिहून झाकणाला आतून चिकटवल्या. सूनबाईंनी घरातला एक धुतलेला सुती टॉवेल आणून दिला, तो सगळ्यात वर ठेवला. आणि मग आम्हा बापलेकांचा वाद झाला तो पेटी कुठे ठेवायची यावर. मी म्हटलं, ड्रायव्हरच्या सीटखाली. तो म्हणाला, “नाही अब्बा, सरकून ब्रेकखाली येईल.” त्याचं बरोबर होतं. शेजारच्या सीटखाली पट्ट्याने बांधून ठेवली. त्रिकोण दाराच्या खणात काही मावला नाही, तो मागच्या सीटच्या पाठीवरच्या कप्प्यात गेला.