एका खलाशाचा खुबा
इ. स. १८२६ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे डॉ. जॉन ऱ्ही बार्टन यांनी एका खलाशाच्या खुब्यावर शस्त्रक्रिया केली. जहाजावर पडल्यापासून त्याचा सांधा जखडून मांडी वाकडीच राहिली होती. ईथरची गुंगी प्रचारात आली ती १८४६ साली, हे श्रोत्यांनी ध्यानात घ्यावे! बार्टन यांनी सांधा तसाच ठेवून त्याखालचे हाड करवतीने कापले व पाय सरळ केला. अवघी सात मिनिटे लागली. खरी कसोटी पुढेच होती. कापलेले हाड पुन्हा सांधू न देता तेथे कृत्रिम सांधा व्हावा, म्हणून सुमारे वीस दिवसांनंतर पाय हलविण्यास आरंभ झाला. खलाशाने तेही सोसले, आणि काही महिन्यांत तो काठी टेकीत चालू लागला. सुमारे सहा वर्षांनी मात्र तो नवा सांधाही जखडला.