अमेरिकन शाळांतील वक्तृत्व, वृत्तलेखन व नाट्य : १९२५–१९२९

अमेरिकेतील माध्यमिक शाळांत वक्तृत्व, वृत्तलेखन व नाट्य ही अंगे बहुधा अभ्यासक्रमाच्या कडेलाच वाढली. त्यांना राष्ट्रव्यापी मान्यतेची चौकट मिळाली ती अवघ्या पाच वर्षांत. १९२५ मध्ये विस्कॉन्सिनमधील रिपन येथे ब्रूनो जेकब यांनी ‘नॅशनल फोरेन्सिक लीग’ स्थापिली. १९२६ मध्ये आयोवा विद्यापीठात जॉर्ज गॅलप यांच्या पुढाकाराने शालेय पत्रकारांची ‘क्विल अँड स्क्रोल’ संस्था निघाली. १९२९ मध्ये पश्चिम व्हर्जिनियातील फेअरमाँट येथे ‘थेस्पियन’ संघ उदयास आला. पारितोषिक विजेत्यापुरते असते. येथे सभासदत्व सातत्याच्या कामावर अवलंबून होते. वादसभेतील भाषणांना गुण मिळत. पडद्यामागे राबणाऱ्या विद्यार्थ्याचे श्रमही नोंदले जात. भाषाशिक्षणाच्या इतिहासात या चौकटीचे महत्त्व आहे ते यासाठीच.