धाबं, वाळा आणि कूलर : खानदेशातल्या गारव्याची गोष्ट

एप्रिल-मे आला की जळगाव आणि भुसावळ ही नावं बातम्यांत झळकू लागतात. पारा 45 अंशांच्या घरात जातो, दुपारी रस्ते ओस पडतात आणि दुकानांसमोर कूलरच्या रांगा लागतात. कूलर आला तो उन्हामुळे, असं आपण सहज धरून चालतो. ऊन तर इथे आधीही कडकच होतं. मधल्या काळात बदललं ते डोक्यावरचं छत.

खानदेशातलं जुनं घर धाब्याचं. जाड मातीच्या भिंती, लाकडी कड्या, त्यांवर फळ्या नाहीतर काटक्या आणि सगळ्यांत वर खाऱ्या मातीचा थर. एवढ्या मातीतून ऊन आत उतरायला कित्येक तास लागतात. ते उतरेपर्यंत रात्र झालेली असते आणि माणसं धाब्यावर अंथरूण टाकून झोपलेली असतात. कोकणातल्या पावसात सपाट मातीचं छत टिकलं नसतं. इथला पाऊस बेताचा, म्हणून ते टिकलं.

या गारव्याला वीज लागत नव्हती, मेहनत मात्र लागत होती. पावसाळ्याआधी धाब्यावर नवी खारी माती टाकायची, चोपायची, उगवलेलं गवत काढायचं, पाणी जायच्या वाटा मोकळ्या करायच्या. हयगय झाली की घर गळायचं. झड लागली की भिंत खचायची आणि कधी माणसं खाली सापडायची. म्हणून सिमेंटचा स्लॅब लोकांनी आनंदाने स्वीकारला. पण चार-पाच इंचांचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री तीच धग खोलीत सोडतो. पत्र्याच्या घरात तर दुपारी बसवतही नाही.

गारव्याची दुसरी वाट पाण्याची. 1601 मध्ये असीरगड पडला आणि खानदेश मोगलांकडे गेला. त्याच अकबराच्या दरबारातल्या अबुल फज़लने ‘आईन-ए-अकबरी’त वाळ्याच्या मुळांच्या, पाणी शिंपडून गार केलेल्या खोल्यांची नोंद केली आहे. 1818 मध्ये इंग्रजी अंमल आला. हिंदुस्थानभरच्या साहेबी बंगल्यांत दारांना वाळ्याच्या ओल्या ताट्या लागत आणि छताला कापडी पंखा टांगलेला असे. पंख्याची दोरी ओढणारा गडी बहुधा बाहेर, व्हरांड्यातल्या झळांत बसे. एकोणिसाव्या शतकातच ‘थर्मान्टिडोट’ नावाचं लाकडी खोकं निघालं. आतलं चाक हाताने फिरवलं की ओल्या वाळ्यातून गार हवा घरात येई.

आजचा कूलर म्हणजे तेच खोकं. गड्याच्या जागी मोटर आली, वाळ्याशेजारी लाकडाच्या तंतूंच्या ताट्या आल्या. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता हवेतून शोषली जाते. हवा कोरडी असेल तरच हे झपाट्याने होतं. म्हणून कूलर जळगाव-धुळ्यात चालतो आणि मुंबईच्या दमट हवेत निष्प्रभ ठरतो. समोरची खिडकी उघडी ठेवावी लागते तीही त्यासाठीच. खोली बंद केली की ओल कोंडते आणि गारवा संपतो.

धाब्याची निगा सुटली, कूलरची मागे लागली. पत्र्याची पेटी, पाणी आणि वीज एकत्र आली की अर्थिंगशिवाय तो जीव घेऊ शकतो. घराच्या वायरिंगला अर्थिंग हवं, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा आणि पाणी भरताना प्लग काढलेला हवा. टाकीत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा एडिस डास वाढतो. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून, घासून, कोरडी करायला हवी. धाब्याची माती चोपण्याइतकंच हे काम नेमाचं आहे.

विलिस कॅरिअरने 1902 मध्ये ब्रुकलिनच्या छापखान्यासाठी हवेतली आर्द्रता आवरणारं यंत्र आखलं. त्याचा वंशज असलेला एसी आता खानदेशातही भिंतींवर दिसतो. तो खोलीतली उष्णता गल्लीत सोडतो. पंखा ओढणारा गडी गेला, पण झळा कुणाच्या तरी वाट्याला येतातच. शेजारी पत्र्याचं घर असेल, तर त्या तिथे जातात. त्या पत्र्याला, आपल्या स्लॅबला उन्हाळ्याआधी पांढऱ्या चुन्याचा हात दिला, तरी ऊन थोडं परत जातं. धाबं बांधणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं : घर गार ठेवायचं तर सुरुवात छतापासून करायची.