खुपऱ्या गेल्या, सूज राहिली

1 जुलै 1998 ला वाशीम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला. त्याआधी मी मालेगाव तालुक्यात आरोग्यसेविका होते. तेव्हा ‘जिल्ह्याला न्या’ म्हणजे अकोला.

“पोराचे डोये आले, बाई,” म्हणत आया यायच्या. हळदीत रंगवलेलं फडकं हातात, रांजणवाडीवर उगाळलेली लवंग, डोळ्यात काजळ. फडक्याशी माझं भांडण नव्हतं, धुतलेलं असलं म्हणजे झालं. भांडण काजळाशी. एकच डबी, एकच बोट आणि घरातली सगळी लेकरं! खुपऱ्या पसरायच्या त्या अशाच. बोटांनी, फडक्यांनी, माश्यांनी. वारंवार लागण झाली की पापणी आतून आक्रसते, केस आत वळून बुबुळावर घासत राहतात आणि पुढे नजर जाते.

सरकारनं 1963 साली खुपरीविरोधी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. 1976 मध्ये तो अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात गेला. आमच्या पेटीत टेट्रासायक्लिनचं मलम असे. तरी माझ्या मते मलमाहून मोठं काम नळाच्या पाण्यानं केलं. तोंड धुतलेल्या लेकराच्या डोळ्यावर माशी बसत नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतात खुपरी ही सार्वजनिक आरोग्याची समस्या उरली नसल्याचं जाहीर केलं.

डोळ्याच्या सुजेचं मात्र तसं नाही. साधे डोळे आले तर लाली असते, चिपडं येतात, पण लेकरू खेळतं. ताप, आणि एकाच डोळ्याची पापणी सुजून बंद, हे वेगळं प्रकरण. अशा वेळी मी पापण्या हलकेच उघडून बॅटरी फिरवायची. बुबुळ चहूकडे मोकळं फिरलं तर बहुधा संसर्ग पापणीतच. डोळा पुढे आला, फिरवताना दुखला किंवा नजर अंधुक झाली, तर पू मागे खोबणीत. बहुतेकदा तो सर्दीतून येतो. नाकाशेजारची पोकळी आणि खोबण यांत कागदाएवढं पातळ हाड. तिथून मेंदू लांब नाही. थेंब तिथं पोचत नाहीत. शिरेतून प्रतिजैविकं लागतात, कधी शस्त्रक्रियाही. अशा लेकरांत ‘हिब’ जंतू पुष्कळदा असे. 2011 पासून देशात टप्प्याटप्प्यानं आलेल्या पेंटाव्हॅलंट लसीत त्यावरचा घटक आहे. ही लस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना मिळते.

तेव्हा मायबापहो, लस चुकवू नका. ताप आणि सुजलेला डोळा एकत्र दिसला तर लवंग उगाळत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.