पाटीपूजनापासून पहिलीच्या पुस्तकापर्यंत

स्मरणिकेच्या प्रत्येक अंकात गुणवंतांची नामावली प्रसिद्ध होत असते. शालान्त परीक्षेत यश मिळविलेले, पदवी संपादन केलेले, उच्च शिक्षणार्थ परदेशी गेलेले, असे सर्व ज्ञातिबांधव तीत असतात, आणि त्यांचा आम्हांस यथार्थ अभिमान आहे. परंतु ज्याचे नाव या नामावलीत कधीच येत नाही, असा एक विद्यार्थी आपल्या कितीतरी घरांत आहे. तो यंदा पहिलीच्या वर्गात जाऊन बसला. त्याला अद्याप स्वतःचे नाव धड लिहिता येत नाही. तरी वरील नामावलीतील प्रत्येकाने एके काळी जी पायरी ओलांडली, तीच तो आज चढत आहे. त्या पायरीचा इतिहास वाचकांपुढे ठेवावा, आणि तीवर उभ्या असलेल्या मुलास घरच्यांनी हात कसा द्यावा याविषयी दोन शब्द लिहावे, या हेतूने आम्ही ही लेखणी उचलली आहे.

इंग्रजी अंमल येण्यापूर्वी आपल्याकडे शाळा म्हणजे पंतोजीची शाळा. देवळाची ओवरी, एखाद्या सावकाराची पडवी किंवा पंतोजीचे स्वतःचे घर ही तिची इमारत. सुमुहूर्त पाहून पाटीपूजन होई, पंतोजीस नारळ व शिधा पोचता होई, आणि 'ओं नमः सिद्धम्' या अक्षरांनी मुलाच्या विद्येस आरंभ होई. आजही एखाद्या कामाच्या प्रारंभास आपण 'ओनामा' म्हणतो, तो शब्द या अक्षरांपासूनच आला. मुलापुढे धूळपाटी असे. फळीवर धूळ पसरावयाची, काडीने वा बोटाने अक्षर काढावयाचे, पंतोजीने पाहिले की हाताने पुसून पुन्हा काढावयाचे. ना कागदाचा खर्च, ना खाडाखोडीची भीती. वाचावयास बाळबोध व लिहावयास मोडी अशी दुहेरी तयारी पुढे होई. छडी होती, अंगठे धरविणे होते, घोडीवर टांगण्यासारख्या शिक्षाही होत्या. त्या शाळेचे गोडवे गाण्याचा आमचा मुळीच मानस नाही.

तथापि या धुळीतल्या अक्षरांची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. मद्रासजवळ एग्मोर येथे लष्करातील मुलांसाठी असलेल्या आश्रमाचे प्रमुख डॉ. अँड्र्यू बेल यांनी देशी शाळांतील मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवताना पाहिली. मोठ्या मुलाने लहानास शिकवावे ही रीतही त्यांनी उचलली आणि १७९७ साली लंडनमध्ये तिच्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. इंग्लंडात बेल व लँकेस्टर यांच्या नावांनी ती पद्धत गाजली, आणि पुढे मुंबई इलाख्यात नव्या शाळा निघू लागल्या तेव्हा साहेबांची नवी पद्धत म्हणून तीच आपल्याकडे परत आली! आपल्याच घरचे धान्य आपण दुसऱ्याच्या मापाने मोजून घ्यावे, तसा हा प्रकार झाला.

पंतोजीच्या शाळेचा खरा कणा होता तो उजळणीचा. तीसपर्यंतचे पाढे तर झालेच, पण त्यांच्यापुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे अपूर्णांकांचे पाढेही मुले तोंडपाठ करीत. औट म्हणजे साडेतीन, हे आजच्या किती पदवीधरांस ठाऊक असेल? आपल्या ज्ञातीचा पिढीजात धंदा बांगड्यांचा, आणि त्या धंद्यात या पाढ्यांवाचून पाऊल टाकता येत नसे. रुपयाचे सोळा आणे होते तोवर बाजारातला प्रत्येक हिशेब पाव, अर्धा आणि पाऊण यांचा असे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, त्यामागोमाग मेट्रिक वजनेमापे आली, आणि पावकी-निमकी पाठ करण्याचे प्रयोजन उरले नाही. आपल्या दुकानांत मात्र तो जुना हिशेब अजून नांदतो आहे. बांगडीचे माप 'दोन चार' म्हणजे दोन इंच व वर चार सोळांश, म्हणजे सव्वादोन. 'दोन आठ' म्हणजे अडीच, 'दोन बारा' म्हणजे पावणेतीन. गिऱ्हाइकाचा हात हाती घेताच माप सांगणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांपैकी कित्येकींनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते, परंतु सोळांशाचा हिशेब त्यांच्या बोटांत होता.

शाळेत घोकलेले पक्के होई ते मात्र घरी. तिन्हीसांजेस देवापाशी दिवा लागला की मुलांनी हातपाय धुऊन परवचा म्हणावयास बसावे, अशी घरोघर रीत होती. पाढे, वार, तिथी, महिने, नक्षत्रे आणि एखादे स्तोत्र असा तो पाठ. वडील मंडळी पैकी कोणी शेजारी बसून ऐके. ऐकणाऱ्यास वाचता येत असलेच पाहिजे असे नव्हते. चूक कानास कळे. पालकांच्या साहाय्याविषयी आज जी लांबलचक व्याख्याने होतात, त्यांतील निम्मा आशय या दिवेलागणीच्या अर्ध्या तासात होता, असे आमचे मत आहे.

या चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या पडवीत आपली मुले बसत, पण मुली बसत नसत, आणि ज्यांना समाजाने अस्पृश्य ठरविले होते त्यांच्या मुलांना तिची पायरीही चढता येत नसे. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई यांनी मुलींची शाळा सुरू केली, तेव्हा त्यांस शाबासकी देणारे थोडे आणि छळणारे फार होते. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. सरकारने ती ऐकली नाही. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात हा प्रयोग आरंभिला व १९०६ साली साऱ्या संस्थानास लागू केला. कोल्हापुरात १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, आणि मुलास शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरविला. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने पालक तेव्हा मुलाचा साहाय्यकर्ता नव्हता, तर मुलाच्या वाटेतील अडथळा होता! दुकानात बसावयास हात हवा म्हणून पोरास शाळेतून काढणारे बाप आपल्याही ज्ञातीत होते, हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

सरकारी शाळांत पहिल्या इयत्तेच्याही खाली 'बिगारी'चा वर्ग असे. या लहानग्यांकडे शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने पाहण्याचे श्रेय अर्थात दुसऱ्याच मंडळींचे. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर काढले. तेथे त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र स्थापिले, आणि १९५७ साली ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. आदिवासी मुले गुरे राखण्यासाठी रानात जातात, शाळेत येत नाहीत, हे पाहून या बायकांनी शाळाच कुरणात नेली व तिला कुरणशाळा म्हटले. अंगणात भरते ती अंगणवाडी. महागडी परदेशी साधने परवडत नाहीत म्हणून बिया, शिंपले, पाने आणि खडे हीच त्यांनी शिकविण्याची साधने केली. १९७५ साली केंद्र सरकारच्या बालविकास योजनेतून 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला.

आता आजच्या पहिलीकडे वळू. मुलास 'अ आ इ ई' अशी सबंध वर्णमाला क्रमाने म्हणता येत नाही म्हणून आजी-आजोबा चिंतेत पडतात. त्यांनी चिंता करू नये. हल्लीच्या पुस्तकात थोडी अक्षरे व एखादी मात्रा घेऊन त्यांचेच शब्द प्रथम वाचावयास देतात, आणि मग पुढची अक्षरे येतात. अक्षर सुटे पाठ होण्यापेक्षा शब्दाचा अर्थ लागणे महत्त्वाचे, हा त्यामागील विचार होय. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' या योजनेने पहिलीची मर्यादा अशी आखली आहे: वर्षाअखेर मुलाने चार-पाच सोप्या शब्दांचे, पूर्वी न पाहिलेले वाक्य समजून वाचावे, ९९ पर्यंतच्या संख्या वाचाव्या व लिहाव्या, आणि साधी बेरीज-वजाबाकी करावी. एवढेच! परंतु हे 'एवढेच' ज्याचे राहून जाते त्याचे पुढे काय होते, हे 'असर' पाहणीत २००५ पासून दिसत आले आहे. ग्रामीण भारतात पाचवीत बसलेल्या मुलांपैकी निम्म्याच्या आसपास मुलांना दुसरीच्या पुस्तकातील उतारा सरळ वाचता येत नाही.

संख्यांच्या बाबतीत मराठी मुलापुढे एक खास अडचण असते. आपण लिहितो २१, आधी दोन व मग एक, आणि म्हणतो मात्र 'एकवीस', आधी एक व मग वीस. कानाने ऐकलेले हात तसेच उतरवितो आणि १२ लिहून मोकळा होतो. एकोणतीस तर त्याहून कठीण, कारण त्यात तीस ऐकू येतात आणि लिहावयाचे असतात २९. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' अशीही वाचनपद्धती दिली गेली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला! गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी शांतपणे तिचे समर्थन केले. आमच्या मते भाषेचे जुने रूप टिकलेच पाहिजे, पण बाईंनी दाखविलेली अडचण खरी होती. तेव्हा मूल १२ व २१ यांत गोंधळले तर त्यास मठ्ठ म्हणू नये. त्याच्यापुढे दहा-दहा बांगड्यांचे दोन गट व एक सुटी बांगडी ठेवावी आणि मग लिहावयास सांगावे. बांगड्यांची कमतरता आपल्या घरांत तरी नसावी.

घरच्या भाषेचा प्रश्न यापेक्षा गंभीर आहे. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात, मूल शाळेत इंग्रजी बोलत नाही म्हणून घरीही इंग्रजीच बोला, असे शाळेने आईस सांगितले. त्या माउलीने ते शिरसावंद्य मानले. तिला इंग्रजी जेमतेम येते, त्यामुळे 'कम', 'सिट', 'ईट' यापलीकडे तिचे मुलाशी बोलणेच खुंटले, आणि आजी तर बोलावयाची थांबली. सहा महिन्यांत मूल दोन्ही भाषांत मुके होऊ लागले. पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी असावी की नसावी, यावर २०२५ साली राज्यात रान पेटले आणि जूनअखेर सरकारने ते निर्णय मागे घेतले, हे सर्वांच्या स्मरणात आहे. चावडीवर आपण भाषेसाठी भांडतो आणि माजघरात ती आपणच बंद करतो, हे कसे? इंग्रजी माध्यमाचा निर्णय ज्याने त्याने आपल्या परिस्थितीनुसार घ्यावा, त्यात आम्ही पडत नाही. परंतु शाळेचे माध्यम कोणतेही असो, ज्या भाषेत आईला रागावता येते आणि आजीला गोष्ट सांगता येते, त्याच भाषेत घरात भरपूर बोलावे. वाचनाची समज त्या बोलण्यावर उभी राहते.

लेखनाची घाई हा दुसरा दोष. सहा वर्षांच्या मुलाची बोटे अजून कोवळी असतात. त्यास पानेच्या पाने गिरवावयास लावून रडविण्यापेक्षा वाटाणे सोलू द्यावे, कणकेचे गोळे करू द्यावे, गजरा ओवू द्यावा, अंगणात रांगोळीचे ठिपके काढू द्यावे. बोटांत बळ आले की अक्षर आपोआप वळते. एका ताटलीत बारीक रवा पसरून त्यात अक्षर काढावयास दिले, तर पंतोजीची धूळपाटी छडीवाचून घरी आलीच म्हणावयाची. रोज निजण्यापूर्वी एक गोष्ट वाचून दाखवावी, वाचताना शब्दांखालून बोट फिरवावे, आणि मुलाने तेच पुस्तक दहाव्यांदा मागितले तरी कंटाळू नये. ज्या पालकांस वाचता येत नाही त्यांनी मुलाकडून वाचून घ्यावे, चित्रावरून प्रश्न विचारावे. परवच्याच्या वेळी आपल्या पणज्यांनी हेच केले होते. लग्नसराईत आठ-आठ दिवस मुलास शाळेतून नेण्याची आपल्या घरांतील चाल मात्र आता मोडावी. पहिलीतील आठ दिवस म्हणजे कदाचित दोन मात्रा आणि दहा-वीस शब्द, आणि मूल परत येते तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो.

कार्यकारी मंडळापुढे एक सूचना ठेवून आम्ही रजा घेतो. गुणगौरव समारंभ प्रतिवर्षीप्रमाणे व्हावाच, परंतु त्या दिवशी सभागृहाच्या एका कोपऱ्यात सतरंजी अंथरून मोठ्या अक्षरांची चित्रमय गोष्टींची पुस्तके मांडावी. प्रत्येक कुटुंबाने, आपले मूल मोठे झाल्यावर घरी नुसते पडून असलेले एक तरी पुस्तक तेथे आणून द्यावे, आणि पहिलीतील प्रत्येक मुलाने जाताना आपल्या आवडीचे एक घरी न्यावे. भाषणे चालू असताना तीस-चाळीस मुले व्यासपीठाजवळ धावत असतात आणि स्वयंसेवक त्यांच्या मागे धावत असतात. त्यांना बसावयास निदान एक जागा होईल, आणि नातवंडांच्या शेजारी बसून गोष्ट सांगावयास आपल्या ज्ञातीत आज्या पुष्कळ आहेत.