महार वतन : हाडकी-हाडोळ्याचा इतिहास आणि जमीन परत मिळवण्याची वाट

आपल्या गावात 'हाडकी', 'हाडोळा' किंवा 'महारकी' नावाचे शेत आहे का? ते आज कोण कसते? शिबिरांत आम्ही हे दोन प्रश्न विचारतो. पहिल्याला बहुतेक हात वर होतात. दुसऱ्याला मात्र शांतता पसरते. ही माहिती त्या शांततेसाठी आहे.

वतन म्हणजे काय?

गावकीची कामे करण्याच्या मोबदल्यात महारांकडे वंशपरंपरेने जी जमीन होती, ती महार वतन. सरकारी दप्तरात तिची नोंद 'इनाम वर्ग ६ ब' अशी आढळते. निरोप पोचवणे, सारा वसुलीला मदत करणे, सरकारी माणसांची सरबराई, मेलेली जनावरे ओढणे अशी कामे रात्री-अपरात्री करावी लागत. गावाच्या शिवेचा वाद निघाला की साक्ष महाराचीच मानली जाई, कारण शीव त्याला ठाऊक असे. या मातीशी आपले नाते किती जुने आहे, हे यावरून कळते.

पण तुकड्यातुकड्यांची ही जमीन पोटाला पुरत नव्हती आणि तिच्यापायी सगळे कुटुंब वेठीला बांधले जात होते. १८७४ च्या वतन कायद्याने ही बांधिलकी कायद्याच्या चौकटीत पक्की केली.

बाबासाहेबांची भूमिका

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. सेवेची सक्ती जावी, पण जमीन कसणाऱ्याकडेच राहावी, असा त्याचा रोख होता. विरोधामुळे १९२९ मध्ये ते मागे घ्यावे लागले. पुढे वतन जमिनींवरील वाढीव आकारणीविरुद्ध डिसेंबर १९३९ मध्ये हरेगावला आणि ऑगस्ट १९४१ मध्ये आपल्या नाशिक जिल्ह्यातील सिन्नरला परिषदा झाल्या.

'बाबासाहेबांनी वतने सोडायला सांगितली, मग आता जमीन कशाला मागता?' असे काही जण विचारतात. त्यांना नकोशी होती ती गुलामगिरी. जमिनीवरचा हक्क सोडा, असे त्यांचे म्हणणे नव्हते.

१९५८ चा कायदा

मुंबई कनिष्ठ गाव वतने निर्मूलन कायदा, १९५८ हा १९५९ पासून अमलात आला. सेवा संपली आणि जमिनी सरकारजमा झाल्या. ठरावीक कब्जेहक्काची रक्कम मुदतीत भरली की जमीन मूळ वतनदाराला परत द्यायची, असे कलम ५ सांगते. याला पुनर्प्रदान किंवा 'रिग्रँट' म्हणतात. अशी जमीन नवीन शर्तीची, म्हणजे भोगवटादार वर्ग २ ची असते. जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय तिचे हस्तांतरण किंवा सरसनिरस वाटप करू नये, अशी मूळ अट आहे. अनधिकृत ताबेदाराला काढण्याची तरतूद कलम ९ मध्ये आहे.

अनेक कुटुंबांना ही नोटीस समजलीच नाही. काही पोटासाठी शहरात गेली होती, काहींकडे भरायला पैसे नव्हते. कुठे जमीन सरकारच्या नावे राहिली, कुठे ताबा दुसऱ्याचा झाला, तर कुठे साध्या कागदावर विक्री झाली. शहरे वाढली तशी या जमिनींवर बिल्डरांची नजर गेली. २०२५ मध्ये पुण्याच्या मुंढव्यातील सुमारे ४० एकर वतन जमिनीच्या व्यवहाराने हा प्रश्न राज्यभर चर्चेत आला.

नाशिकची परंपरा

दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी काळाराम मंदिर सत्याग्रहानंतर भूमिहीनांचा लढा हाती घेतला. १९५९ चा भूमिहीन सत्याग्रह आणि ६ डिसेंबर १९६४ पासूनचा देशव्यापी सत्याग्रह यांमुळे पडीक व गायरान जमिनीचा प्रश्न सरकारला टाळता आला नाही. त्यांच्या नावाच्या सबळीकरण योजनेत भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांना चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची तरतूद आहे. ती योजना वेगळी आणि वतनावरचा वारसाहक्क वेगळा. एकाच्या नावाखाली दुसरा विसरू नये.

आदिवासी बांधवांचा अनुभवही पाहण्यासारखा आहे. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर आदिवासींकडे गेलेल्या त्यांच्या जमिनी परत देण्यासाठी राज्याने खास कायदा केला. जमीन परत देणे राज्याच्या आवाक्यातले आहे, हे त्यातून सिद्ध झाले. वनहक्कांसाठी २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला निघालेल्या लाँग मार्चने संघटनेशिवाय कायदा हलत नाही, हेही दाखवले.

आपण काय करावे?

१. आजोबा-पणजोबांची पूर्ण नावे, गाव आणि शेताचे स्थानिक नाव वडीलधाऱ्यांकडून लिहून घ्या. हे काम आधी करा. ती माणसे गेली की ही माहितीही जाते.

२. तहसीलच्या अभिलेख कक्षातून जुने सातबारे, सर्व फेरफार, वतन नोंदवही आणि पुनर्प्रदान आदेश यांच्या नकला मागा. गाव नमुना १-क पाहा. नकार मिळाल्यास माहिती अधिकारात अर्ज करा.

३. वारस नोंदी पूर्ण करा. हिंदू उत्तराधिकार कायदा बौद्धांनाही लागू आहे. बहिणींची नावे गाळणे बेकायदा आहे, आणि ते समतेच्या विचारालाही शोभत नाही.

४. कोऱ्या कागदावर, कुलमुखत्यारपत्रावर किंवा 'फक्त सही करा' म्हणणाऱ्यापुढे सही करू नका. एका भावाच्या सहीने अख्ख्या भावकीची जमीन अडकते.

५. कायद्यात दुरुस्त्या आणि नवे शासन निर्णय होत असतात. अर्ज करण्यापूर्वी महसुली कामाच्या जाणकार वकिलाला कागद दाखवा.

प्रत्येक जमीन परत मिळेलच, असे आम्ही सांगत नाही. काही व्यवहार कायदेशीर ठरले आहेत, काही प्रकरणे पिढ्यान् पिढ्या चालतील. पण आपल्या पूर्वजांनी घाम गाळलेल्या शेताचा गट नंबर आपल्याला माहीत असलाच पाहिजे. येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर गावातल्या वतन जमिनींची यादी करायला बसा.

जय भीम.