मुलीचं नाव कोणत्या गटात?

वयोगटाच्या बुद्धिबळ स्पर्धांमध्ये बहुधा दोन गट असतात, खुला आणि मुलींचा. ‘खुला म्हणजे मुलांचा’ असं धरून आपण लेकीचं नाव मुलींच्या गटात घालून मोकळ्या होतो. पण खुला गट मुलींनाही खुला असतो. हे दार कसं उघडलं, ते आज पाहू या.

१९७६ साली मुंबईची रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तेव्हा ती १३ वर्षांची होती. याआधी भारतात कुणी बाई त्या स्पर्धेत खेळली नव्हती. मोठा गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. शेवटी जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्णय दिला, की केवळ बाई आहे म्हणून कुणाला स्पर्धेबाहेर ठेवता येणार नाही. पुढे १९८१ साली रोहिणीताई आशियाई महिला विजेत्या झाल्या.

१९८८ साली रुमानियातल्या तिमिशोआरा शहरात हंगेरीची ज्युडिट पोल्गार १२ वर्षांखालच्या मुलांच्या गटात जगात पहिली आली. १९९९ मध्ये अहमदाबादच्या आशियाई स्पर्धेत आंध्रच्या कोनेरू हंपीनं याच वयोगटात मुलांमध्ये पहिला क्रमांक मिळवला. तीनच वर्षांत ती ग्रँडमास्टर झाली.

पटावर नियम सगळ्यांना सारखेच. हात मिळवायचा, घड्याळ सुरू करायचं, आपली प्रत्येक चाल लिहायची. आपल्या ज्या मोहऱ्याला खेळायला म्हणून हात लावला, तेच हलवायचं. खेळ सुधारतो तो तगड्या प्रतिस्पर्ध्यांशी खेळून. खुल्या गटात खेळाडू जास्त, म्हणून तसे डावही जास्त मिळतात.

याचा अर्थ मुलींचा गट कमी प्रतीचा, असं नाही. नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२४ मध्ये गांधीनगरला २० वर्षांखालच्या मुलींचं जगज्जेतेपद ११ पैकी १० गुण घेऊन पटकावलं. पुढच्याच वर्षी जॉर्जियातल्या बातुमीला महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत तिनं हंपीलाच टायब्रेकमध्ये हरवलं आणि तीही ग्रँडमास्टर झाली. मुलींच्या गटात बरोबरीच्या मैत्रिणी भेटतात, किताब मिळतात, हुरूप येतो.

वाटा दोन्ही चांगल्या आहेत. फक्त दुसरी वाट आहे, हे लेकीला माहीत हवं. म्हणून पुढच्या वेळी अर्ज भरण्याआधी तिलाच विचारा, “तुला कोणत्या गटात खेळायचंय?”